उपचाराचा बाक कसा राखावा

भुदरगड तालुक्याच्या डोंगराळ खेड्यांतून मनुष्य उपचारासाठी गारगोटीस उतरतो, तो पुष्कळदा अंगमेहनतीचे दुखणे घेऊन उतरतो. रोपलावणीत कंबर धरलेली असते, उसाची मोळी उचलताना खांदा लचकलेला असतो, पावसाळ्यात बांधावरून पाय घसरून घोटा सुजलेला असतो. अशा दुखण्यास पोटात घ्यावयाच्या औषधापेक्षा हाताचा गुण अधिक येतो. म्हणून कोणी सरकारी दवाखान्यात जातो, कोणी फिजिओथेरपी करणाऱ्याकडे जातो, कोणी जुन्या ओळखीच्या हाडवैद्याकडे, तर कोणी तालमीतल्या वस्तादाकडे जातो. ही चार ठिकाणे एकमेकांपासून कितीही निराळी असली तरी एक वस्तू चोहींकडे सारखीच आहे. ती म्हणजे रोगी ज्यावर निजतो तो बाक.

डॉक्टरांविषयी लोक पुष्कळ बोलतात, औषधांविषयी त्याहूनही अधिक बोलतात; परंतु बाकाविषयी कोणी विचारीत नाही. ह्या पाठात त्याविषयीच बोलावयाचे आहे. कारण बाक पुसणे हे उपचार आटोपल्यानंतरचे किरकोळ काम नसून उपचाराचाच एक भाग आहे, आणि तो भाग चुकला तर बरे होण्यास आलेला मनुष्य नवा आजार घेऊन घरी जातो.

एका सकाळी त्या बाकावर काय काय पडते ते पाहा. पहिल्याचा घाम, दुसऱ्याच्या पाठीचे तेल, तिसऱ्याच्या टाचेच्या भेगांतली माती, चौथ्याच्या गळवाचा पू, आणि सुई टोचताना सांडलेला रक्ताचा एखादा थेंब. हे सर्व वाळते व दिसेनासे होते. परंतु दिसेनासे झाले म्हणजे नाहीसे झाले असे नव्हे. जखमा पिकविणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू कोरड्या पृष्ठभागावर काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत जगू शकतो. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस टिकतो. गजकर्णाची बुरशी गळून पडलेल्या कातडीच्या कोंड्यात महिनोन् महिने राहते. खरजेचा किडा मात्र मनुष्याच्या अंगावेगळा झाला की बहुधा दोन-तीन दिवसांत मरतो.

आता कोणी म्हणेल, इतके सर्व बाकावर आहे तर बाकावर निजणारा प्रत्येक जण आजारी का पडत नाही? ह्याचे उत्तर असे की, धडधाकट कातडी हा देवाने दिलेला फार बळकट कोट आहे. जंतू बहुतकरून त्या कोटास भगदाड असेल तेथूनच आत शिरतो. परंतु आपल्या भागात भगदाडे पडलेली माणसे थोडी आहेत काय? उसाच्या पाल्याने चरचर कापलेले हात, साखरेच्या आजाराने बधिर झालेल्या पायाची न कळलेली जखम, अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवरचे व्रण, नुकतीच नाळ पडलेले बालक, हे सर्व त्याच बाकावर येतात. शिवाय बाकावरचा जंतू सरळ जखमेत जातो असेही नाही. बाकावरून तो उपचार करणाऱ्याच्या हातावर येतो, आणि हातावरून पुढच्या रोग्याच्या जखमेवर जातो. हात धुवून लागलीच मळक्या बाकाच्या कडेस टेकविला तर धुण्याचे सर्व श्रम वाया गेले असे समजावे.

हाताने उपचार करणाऱ्यांच्या जागी सर्वांत मोठी अडचण तेलाची असते. मालिशच्या बाकावर तेलाचा पातळ थर दिवसेंदिवस चढत जातो व त्यात कातडीचा कोंडा आणि धूळ अडकून त्याचा चिकट लेप होतो. ह्या लेपावर जंतुनाशक कितीही ओतले तरी ते वरून वाहून जाते, कारण लेपाच्या खाली दडलेल्या जंतूपर्यंत ते पोहोचतच नाही. ब्लीचिंगचा जोरही अशा मळाशी झगडण्यातच खर्च होतो. म्हणून पहिला नियम हा की आधी मळ काढावा, मग जंतू मारावा. मळ काढण्यास साबण व पाणी पुरे. साबणाने तेल सुटते, आणि फडक्याने घासल्यावर मळाबरोबर पुष्कळसे जंतूही निघून जातात. औषधापेक्षा घासण्याने अधिक काम होते, हे पुष्कळांस खरे वाटत नाही. पण ते खरे आहे.

मळ निघाल्यावर जंतुनाशकाची पाळी येते. त्यासाठी महागड्या बाटल्याच पाहिजेत असे नाही. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा मनुष्य विहिरीत व टाकीत जी टी.सी.एल. पावडर टाकतो, तीच ही ब्लीचिंग पावडर. ती चांगली असेल तर तिच्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा क्लोरीन उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम पावडर कालवून निवळू दिली म्हणजे वरची निवळी अर्धा टक्का जोराची होते. रक्त किंवा पू सांडला असेल तेथे ही वापरावी. त्या निवळीच्या एका भागात साधे पाणी चार भाग घातले म्हणजे दशांश टक्क्याचे पाणी होते. रोजच्या बाकास ते पुरे. पंधरा ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे तीन सपाट चमचे. तथापि एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर मापून मग चमचा ठरविणे बरे. मिश्रण प्लास्टिकच्या बादलीत करावे, कारण धातूस ते खाते. ते खेळत्या हवेत व हातमोजे घालून करावे, आणि रोज ताजे करावे. पावडरीचे पोते उघडे, ओलसर जागी किंवा उन्हात पडले असेल तर तिचा जोर उडून जातो व हाती केवळ चुना राहतो. असे जुने पोते वापरून आपण जंतू मारीत आहोत असे समजणे धोक्याचे आहे. तसेच संडास धुण्याच्या आम्लाशी ब्लीचिंगचा कधीही संयोग होऊ देऊ नये. त्यातून निघणारा वायू छातीस घातक असतो.

ज्या ठिकाणी घाई असते तेथे सत्तर टक्के जोराचे स्पिरिट वापरतात. येथे एक नवलाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. निर्भेळ स्पिरिटापेक्षा पाणी मिसळलेले सत्तर टक्क्यांचे स्पिरिट अधिक जंतू मारते, कारण जंतूच्या अंगातील प्रथिने गोठविण्यास थोडे पाणी लागतेच. मात्र स्पिरिट लवकर उडून जाते, रेक्झीन कडक करते व आगीस धार्जिणे असते. म्हणून लहान वस्तूंस ते ठीक, सबंध बाकास नव्हे. पांढऱ्या फिनेलचा वास खोली भरून राहतो व त्यामुळे मनास बरे वाटते. परंतु वासाने जंतू मरत नाहीत, म्हणून उपचाराच्या बाकासाठी त्यावर भिस्त ठेवू नये. धूप व कडुलिंबाचा पाला ह्यांविषयीही हेच म्हणावे लागते.

दुसरा नियम वेळेचा. औषध लावले आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून टाकले तर जंतू भिजला, मेला नाही. दशांश टक्क्याच्या पाण्याने बाक पाच ते दहा मिनिटे ओला राहिला पाहिजे. रक्ताच्या जागी अर्धा टक्क्याचे पाणी पुरी दहा मिनिटे राहिले पाहिजे. त्यानंतर साध्या पाण्याचे फडके फिरवावे, नाहीतर पुढच्या रोग्याची पाठ चुरचुरेल व रेक्झीनही लवकर तडकेल. बाहेर पंचवीस माणसे खोळंबली असता दहा मिनिटे कोठून आणावी, हा प्रश्न रास्त आहे. त्यास उपाय असा की शक्य असल्यास दोन बाक ठेवावे. एक वाळत असता दुसऱ्यावर काम चालावे. दुसरा बाक नसेल तर पुढच्या रोग्याची हकीकत खुर्चीवर बसवून विचारावी. शहाणा उपचारक तेवढ्यात निम्मे निदान करून घेतो. धुतलेली चादर प्रत्येकास निराळी अंथरावी. एकच चादर झटकून पुन्हा घालणे ह्यास अंथरणे म्हणता येत नाही.

हे ज्ञान आपल्या भागात फार दूरवरून आले, व त्याचा आरंभ एका मोडलेल्या हाडापासून झाला. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी १८६५ साली जोसेफ लिस्टर ह्या शस्त्रवैद्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आणण्यात आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते व नडगीचे हाड मोडून कातडी फाटली होती. त्या काळी अशी जखम सडावयाची, आणि पाय कापावा लागे किंवा रोगी दगावे. लिस्टर ह्यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी ठेविली. जखम सडली नाही, व सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळून आले. पुढे त्यांनी हात, हत्यारे व पट्ट्या ह्या सर्वांस तो नियम लागू केला आणि १८६७ साली आपले अनुभव छापून प्रसिद्ध केले.

हा विचार अमेरिकेत रुजत असण्याच्या काळातच डॉक्टर विल्यम वानलेस शिकून तयार झाले. ते १८८९ साली हिंदुस्थानात आले, व मिरजेस त्यांचे इस्पितळ १८९४ साली उघडले. कोल्हापूर, सांगली व बेळगाव ह्या बाजूंची माणसे शस्त्रक्रियेसाठी मिरजेची वाट धरू लागली, ती अशा काळात की जेव्हा शस्त्रक्रिया म्हणजे मरण असे खेड्यापाड्यांतून मानीत. मिरजेचे नाव शल्यवैद्याच्या कौशल्याने झाले हे खरे. पण ज्या मेजावर जखमा पिकतात त्या मेजाने कोणाचेही नाव होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

लिस्टर ह्यांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. जंतू हवेतूनच येतात अशा समजुतीने ते कित्येक वर्षे शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिकचा फवारा खोलीभर उडवीत. पुढे विचारांती त्यांनी तो फवारा सोडून दिला, व १८९० साली बर्लिन येथील सभेत आपण त्याची शिफारस केली ह्याची लाज वाटते, असे उघड सांगितले. ही गोष्ट जगास पुन्हा शिकावी लागली. २०२० साली करोनाच्या साथीत गावोगावी वेशीवर, रस्त्यांवर, इतकेच नव्हे तर माणसांच्या अंगावरही क्लोरीनचे पाणी फवारण्यात आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेस सांगावे लागले की माणसांवर असे फवारणे कोणत्याही परिस्थितीत करू नये, आणि खोलीतही नुसत्या फवाऱ्यावर विसंबू नये. फडके औषधात भिजवून पुसावे. फवारा मळ काढीत नाही, बाकाच्या खालच्या कडेस पोहोचत नाही, आणि श्वासात मात्र जातो. तरीही फवारा लोकांस आवडतो, कारण तो दिसतो. पुसणारी बाई कोणाला दिसत नाही.

फडक्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुष्कळ ठिकाणी एकच फडके सकाळी बाक पुसते, दुपारी मेज पुसते व संध्याकाळी बादलीच्या काठावर ओलेच वाळत पडते. असे फडके जंतू पुसत नाही, ते जंतू वाटते. फडक्याची चौघडी करावी म्हणजे त्याच्या आठ बाजू होतात. एक बाजू मळली की दुसरी घ्यावी. डोक्याकडून पायाकडे व स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे जावे. मळलेले फडके औषधाच्या बादलीत परत बुडवू नये. धुण्याची बादली निराळी असावी. बाकाच्या कडा, उशी, चेहरा टेकविण्याचे भोक, उठताना रोगी ज्यास धरतो तो दांडा, ह्या जागा बहुधा राहून जातात, आणि हात तर तेथेच लागतो.

आता फाटलेल्या बाकाविषयी. रेक्झीन चिरले व आतला स्पंज उघडा पडला की त्या बाकाची शुद्धी होऊ शकत नाही. घाम, तेल व रक्त स्पंजात मुरते आणि वरचे फडके तेथवर जात नाही. चिकटपट्टीने आठवडाभर भागवावे, पण नवे रेक्झीन चढवावेच. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस येथे लेवीय पुस्तकाचा पंधरावा अध्याय आठवेल. त्यात स्रावाच्या रोग्याने स्पर्श केलेले मातीचे भांडे फोडावयास व लाकडाचे पाण्याने धुवावयास सांगितले आहे. त्या नियमाचा हेतू विधीच्या शुद्धतेचा होता, जंतुशास्त्राचा नव्हे. तरी जे शोषून घेते ते आणि जे धुता येते ते, ह्यांतील भेद कुंभाराच्या व सुताराच्या गावात राहणाऱ्या कोणासही कळण्यासारखा आहे. शहाबादी फरशीचा ओटा किंवा रंधून तैलरंग दिलेली फळी ही फाटक्या गादीच्या बाकापेक्षा शतपट बरी.

शुद्धतेचा शब्द निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणे अवश्य वाटते. आपल्या देशात विटाळाच्या नावाखाली माणसांनी माणसांस दूर लोटले. ज्यांच्या वाडवडिलांनी ते सोसले अशी घरे ह्या वाचकांत पुष्कळ आहेत. जंतूची गोष्ट सोवळ्याहून अगदी निराळी आहे. जंतू जात पाहत नाही, आणि पाण्याचे चार थेंब शिंपडल्याने जातही नाही. म्हणून बाकाची स्वच्छता माणूस पाहून करू नये. अमक्या वस्तीतला उठला म्हणून घासून पुसले आणि पाटलाचा मुलगा उठला म्हणून तसेच ठेविले, असे करणे अन्याय तर आहेच, शिवाय ते वेडेपणाचेही आहे. ब काविळीचा विषाणू अंगात वागविणारा मनुष्य कित्येक वर्षे चांगला धष्टपुष्ट दिसतो. त्यास स्वतःलाही ते ठाऊक नसते. कोणाच्या अंगात काय आहे हे आपणांस कळत नाही, यास्तव प्रत्येकानंतर सारखेच पुसावे. असे केले म्हणजे कोणास बाजूला बसविण्याचे कारण उरत नाही. कुष्ठरोग बाकावर बसल्याने होत नाही, व औषध सुरू झालेल्या रोग्यापासून तर त्याचा संसर्ग होत नाही. एच.आय.व्ही. हा विषाणूही बाकास हात लावल्याने लागत नाही. ह्या रोग्यांना बाकावरून उठविणारा उपचारक आपले अज्ञान मात्र दाखवितो.

तसेच पुसण्याचे काम ज्या बाईकडे असते तिला बहुधा कोणी काही शिकवीत नाही. पावडर किती, पाणी किती, वेळ किती, हे तिला डॉक्टराइतकेच ठाऊक असले पाहिजे. तिला हातमोजे द्यावे, काविळीच्या तीन टोचण्या तिलाही द्याव्या, आणि दहा मिनिटे झाली नाहीत असे तिने म्हटले तर उपचारकाने थांबावे.

यंत्रांचाही थोडा विचार करू. विजेच्या उपचारात ओले स्पंज अंगावर ठेवतात; ओल म्हणजे जंतूंचे माहेरघर. ते प्रत्येकानंतर धुवावे, निर्जंतुक करावे व रात्री पिळून कोरडे होऊ द्यावे. अल्ट्रासाऊंडच्या जेलची बाटली अर्धी झाली की तीत वरून नवे जेल ओतू नये. जुन्यातले जंतू नव्यात उतरतात. शेकाच्या पिशवीची खोळ, रक्तदाबाचा पट्टा, डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ही सर्व बाकाचीच भावंडे समजावी. मात्र सुई व चाकू ही निराळ्या वर्गातली. जे धडधाकट कातडीस लागते ते पुसून चालते. जे कातडीच्या आत शिरते ते पूर्ण निर्जंतुकच पाहिजे, तेथे पुसण्याने काहीही साधत नाही.

ज्या जागी जखम बांधावयाची किंवा बाळंतपण व्हावयाचे, ती जागा शेणाने सारवलेली जमीन नसावी. धनुर्वाताचे बीज जनावरांच्या शेणात व मातीत असते, आणि ते साध्या औषधाने मरतही नाही. बाळंतपणाच्या पाच स्वच्छता सुइणींना शिकविल्या गेल्या: हात, जागा, पाते, नाळेचा दोरा व नाळेचे देठ. ह्यात जागा दुसरी आहे हे ध्यानात घ्यावे. ह्या शिकवणुकीने, मातांस दिलेल्या लसीने व दवाखान्यातील बाळंतपणाने हिंदुस्थानातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात इतका हटला की २०१५ साली त्याचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले.

वेदगंगेच्या काठी आषाढ-श्रावणात ऊन दिसत नाही व चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत. दमट चादर म्हणजे बुरशीस आमंत्रण. त्या दिवसांत चादरी उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, गरम इस्त्रीने पुरत्या कोरड्या कराव्या, किंवा त्या दोन महिन्यांपुरता कागदाचा गुंडाळा वापरावा. वाळली नसेल ती चादर अंथरण्यापेक्षा धुतलेला उघडा बाक बरा. पावसात भिजून आलेल्याचे पाय दारातच धुण्याची सोय असली म्हणजे पुढचे निम्मे काम हलके होते.

खेड्यात तपासणीचे शिबिर भरते तेव्हा बहुधा शाळेचा किंवा मंदिराचा बाक घेतात. तेथील उपदेशक व शाळामास्तर ह्यांनी आदल्या संध्याकाळी तो साबणाने धुवून ठेवावा. सकाळी दोन बादल्या, मोजलेली पावडर, साबण व निदान बारा फडकी तयार असावी, आणि घड्याळ पुसणाऱ्याच्या समोर टांगावे. शिबिर आटोपल्यावर फडकी अर्धा तास ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मग धुवून वाळवावी. बाक एकवार पुन्हा पुसून, साध्या पाण्याने काढून, मुलांच्या वर्गात परत न्यावा. उरलेले औषधाचे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा झाडाच्या मुळाशी न ओतता मोरीत ओतावे व वरून दोन बादल्या पाणी सोडावे.